चालू

आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर, दक्षिण ओमाहात.
खाली दिवसभर नट सोडवायच्या बंदुकीची घरघर,
वर मी, आणि दर महिन्याला येणारा तक्ता.

तक्ता म्हणजे दोन तक्ते.
हे समजावण्यातच निम्मी नोकरी जाते.
एक सांगतो, कागद घेऊन दाराशी या.
दुसरा सांगतो, दार उघडलं.
दोन्हींच्या मधे काय करायचं
ते कुठल्याच रकान्यात नाही.

"पण माझा नंबर कितवा?"
नंबर नसतो. तारीख असते.
ज्या दिवशी तुमचा कागद कुणीतरी टपालातून उचलला
आणि त्यावर शिक्का मारला, तो दिवस.
त्या दिवशी तुम्ही काय जेवलात ते आठवत नसेल,
पण पोरांचे वाढदिवस चुकतात, ही तारीख चुकत नाही.
तक्त्यातली तारीख चालत चालत तिच्यापर्यंत यायला हवी.
कधी महिन्यात सहा आठवडे चालते, कधी दोन दिवस.
कधी उन्हाळा सरता सरता, कोटा आटला, की मागे फिरते,
आणि मांसाच्या कारखान्यातला एल्फेगो,
जो जुलैत "आलोच" म्हणाला होता,
पुन्हा दोन वर्षं लांब.

शिवाय तुम्ही कुठले, हे कुणी विचारत नाही.
जन्मलात कुठे, एवढंच.
नवऱ्याच्या ऑफिसातला सुबिन दुबईत जन्मला,
आई बाळंतपणाला माहेरी गेली नाही म्हणून.
तेवढ्यावर तो आमच्या बारा वर्षं पुढे.
माझ्या आईनं रीत पाळली.
सासूबाईंनीही.

आमची मुलगी एकोणीस वर्षांची.
एकविसाव्या वर्षी ती आमच्या अर्जातून गळेल.
मात्र अर्ज साहेबाच्या टेबलावर जितके दिवस पडून होता
तितके तिच्या वयातून वजा करता येतात.
पडून राहण्याचा हा एवढाच फायदा.
मी वजा करून पाहिले. एकशे चौदा दिवस निघाले.

तेरेसिता बाल्मोरेसची तारीख गेल्या मंगळवारी चालू झाली.
मी तिला इंग्रजीतच सांगितलं,
कानात मात्र मराठी वाजलं:
नळ चालू, दुकान चालू, शाळा चालू.

वृद्धाश्रमात रात्रपाळी करते ती. तशीच आली, गणवेशात.
भावाचा अर्ज भरला तेव्हा तो सत्तावीसचा होता.
तिनं माझ्यासमोरच फोन लावला, बातांगासला.
पलीकडे कोंबडे आरवत होते.
"आते," तो म्हणाला. त्यांच्यात आते म्हणजे मोठी बहीण.
पुढचं मला कळलं नाही. तो हसत होता, हे कळलं.
तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली, मग सांगितलं:
अकरा डुकरं आहेत म्हणे. गुडघा गेलाय.
सून गरोदर आहे.
बर्फात येऊन काय करू म्हणतो.

खाली कुणाचं तरी चाक बसत होतं.
मी विचारलं, फाईल मिटवायची का?
"नको."
वर्षभरात काही केलं नाही तर आपोआप मिटेल.
"मग वर्षभर राहू दे."
दारात थांबली. हातमोजे घातले, एक काढला, परत घातला.
"तक्ता आला की तू फोन करायचीस ना मला?
तो करत जा."

पुढच्या महिन्यात केला.
काय सांगावं ते कळेना.
चालू आहे, मी म्हटलं.
"अजून?"
अजून.
"छान," ती म्हणाली. "आणि तुमची?"
अकरा दिवस, मी म्हटलं.
"पुढे ना?"
हो. पुढे.